डफ तोच, गण नवा : अण्णाभाऊंकडून रॅप करणाऱ्या पोरांनी काय घ्यावं?

कुपवाडच्या वस्तीतली आमची पोरं हल्ली मोबाईलवर बीट लावून रॅप करतात. बाबासाहेबांवर करतात, एमआयडीसीतल्या पगारावर करतात. पण मधूनच वाद पेटतो. खरा रॅप मुंबईचा की सांगलीचा? मुंबईची भाषा उचलली तर भाव मिळतो, गावची बोलली तर हसू होतं. अशा वेळी आम्ही त्यांना आपल्याच जिल्ह्यातल्या एका शाहिराची गोष्ट सांगतो.

तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच अण्णाभाऊ, १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावी मातंग कुटुंबात जन्मले. शाळा जेमतेम दीड दिवसाची. पोटासाठी कुटुंब पायी मुंबईला गेलं. तिथे त्यांनी हमाली केली, गिरणीत राबले, कामगार चळवळीत घडले. पण नात्यातल्या तमाशातून शिकलेला डफ, ढोलकी आणि गावची बोली त्यांनी टाकली नाही.

१९४४ साली बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. वेगवेगळ्या मुलखांतले हे शाहीर एका फडात उभे राहिले. अण्णाभाऊंनी तमाशाचा साचा ठेवला, आतला माल बदलला. गणात गणपतीऐवजी मायभूमी आणि शिवराय आले, गवळण गेली, वगात सावकार आणि कामगार समोरासमोर आले. तमाशाला तुच्छ मानणाऱ्यांच्या काळात त्याचं लोकनाट्य झालं.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 'माझी मैना'ने मुंबईबरोबर बेळगाव, कारवार, निपाणीवरही हक्क सांगितला. १ मे १९६० रोजी मुंबई मिळाली, सीमाभाग बाहेरच राहिला. पण मुलखाचं प्रेम म्हणजे आंधळा अभिमान नव्हे. मुंबईच्या लावणीत त्यांनी एकाच शहरातली दोन शहरं दाखवली, मलबार हिलची आणि परळची. भांडण कोणाशी, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

ते कम्युनिस्ट होते, त्यांनी धम्मदीक्षा घेतली नव्हती. तरीही बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर जग बदलण्याचा भीमरावांचा संदेश त्यांनी गाण्यातून घरोघरी नेला. १९५८ साली मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं. 'फकिरा' ही कादंबरी बाबासाहेबांना अर्पण केली. आज लाल की निळा, मातंग की बौद्ध अशी त्यांची वाटणी करणाऱ्यांनी हे आठवावं. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले ते हलाखीतच. त्यांच्या गाण्यावर टाळ्या वाजवणाऱ्या समाजाने त्यांना जिवंतपणी सांभाळलं नाही, हेही पोरांना सांगायला हवं.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. बीट न्यूयॉर्कची असो की धारावीची, आपली म्हणून घ्या. बोली मात्र कुपवाडची ठेवा. आणि मुंबईच्या पोराला हरवण्यात ताकद घालवू नका. त्याच्याही वस्तीत पाणी एक दिवसाआडच येतं. ज्यांच्यामुळे ते येत नाही, त्यांच्यावर दोघं मिळून गाणं करा.

जय भीम!