ढगातला चंद्र का पळतो? इब्ने हैसमची गोष्ट

पोफळीचं वीजघर डोंगराच्या पोटात आहे. घाटापलीकडे अडवलेलं कोयनेचं पाणी बोगद्यातून इथे उतरतं, वीज देतं आणि वाशिष्ठीला मिळतं. अशीच एक मोठी नदी ताब्यात आणायचं स्वप्न हजार वर्षांपूर्वी बसऱ्याच्या एका आलिमने पाहिलं होतं.

अबू अली अल-हसन इब्ने हैसम. जन्म ९६५ च्या सुमाराचा. जुने चरित्रकार सांगतात की नाईलच्या पुराला आवर घालता येईल हे त्यांचं म्हणणं फातिमी खलिफा अल-हाकिमच्या कानी गेलं आणि कैरोहून बोलावणं आलं. अस्वानजवळ नदी पाहिल्यावर मात्र त्यांना कळून चुकलं, हे होणारं काम नाही. (तिथलं मोठं धरण पुरं झालं ते थेट १९७० मध्ये.) हाकिमचा राग म्हणजे गर्दनवरच बेतायचं. मग त्यांनी वेडाचं सोंग घेतलं आणि नजरकैद पत्करली. १०२१ मध्ये हाकिम गेला, तेव्हा सुटले.

त्यांच्या हातून सात भागांची 'किताब अल-मनाज़िर' आकाराला आली. डोळ्यातून किरण निघतात म्हणून दिसतं, असं युक्लिड आणि टॉलेमी मानत. मग सूर्याकडे पाहिलं की डोळा का दुखतो? इब्ने हैसमने अंधारी खोली घेतली, बाहेर दिवे ओळीने ठेवले. भोकातून भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडला. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका जायचा. म्हणजे उजेड बाहेरून आत येतो.

पण मला त्यांचं पुढचं काम जास्त मोठं वाटतं. उजेड आत आला म्हणजे वस्तू ओळखली असं नाही. मन तिला आठवणीतल्या रूपाशी ताडून बघतं, आणि हे इतकं झटकन होतं की आपल्याला पत्ताच लागत नाही. हालचाल तर एकट्या वस्तूवरून कळतच नाही, दुसऱ्या कशाच्या तरी हिशेबाने कळते, आणि त्याला थोडा वेळ लागतो. म्हणून रंगीत भोवरा जोरात फिरला की एकाच रंगाचा दिसतो. म्हणूनच ढग पळत असले की चंद्रच पळतोय असं वाटतं. पावसाळ्यात कुंभार्ली घाटावर ढग धावतात तेव्हा पोरांना दाखवा.

नंतर ते अज़हरजवळ राहिले, युक्लिड-टॉलेमीच्या किताबा नकलून पोट भरलं. १०४० च्या सुमारास इंतकाल झाला. किताब लॅटिनमध्ये गेली, १५७२ मध्ये बाझेलला छापली गेली. केप्लरने ती वाचली आणि १६०४ मध्ये एक दुरुस्ती केली: चित्र डोळ्यातल्या भिंगावर नाही, मागच्या पडद्यावर उमटतं, तेही उलटं.