प्लेगच्या सुट्टीत न्यूटनने घरी नक्की काय केलं?

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये व्हॉट्सअॅपवर एक मेसेज खूप फिरला. न्यूटनने क्वारंटाईनमध्ये गुरुत्वाकर्षण शोधलं, तुम्ही काय केलं? तो वाचून बऱ्याच जणांना उगाच अपराधी वाटलं असेल. खरी गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते जास्त भारी आहे.

आयझॅक न्यूटनचा जन्म १६४२ मध्ये नाताळच्या दिवशी (तेव्हाच्या इंग्लंडच्या कॅलेंडरप्रमाणे) वूल्सथॉर्प या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरात झाला. वडील तीन महिने आधीच वारले होते. तो तीन वर्षांचा असताना आईने बार्नबस स्मिथ या पाद्र्याशी लग्न केलं. ती जवळच्याच गावी राहायला गेली, आणि न्यूटन आजीकडे राहिला. स्मिथ वारल्यावर ती परत आली, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. ते दुखणं मनातून गेलं नाही. १६६२ मध्ये त्याने स्वतःच्या पापांची यादी लिहिली. आई आणि सावत्र वडिलांना घरासकट जाळून टाकीन अशी धमकी दिली होती, हेही त्यात आहे.

आईला मुलगा शेती बघेल असं वाटत होतं. शेती त्याला अजिबात जमली नाही. शेवटी १६६१ मध्ये तो केंब्रिजला गेला. तिथे श्रीमंत विद्यार्थ्यांची वरकामं करून शिकायचं, अशी त्याची सोय होती. १६६५ मध्ये पदवी मिळाली आणि त्याच वर्षी प्लेग आला. युनिव्हर्सिटी बंद झाली. ज्या घरावर एवढा राग होता, त्याच घरी त्याला परत यावं लागलं. मध्ये १६६६ च्या वसंतात तो काही आठवडे केंब्रिजला जाऊन आला, पण कायमचा परतला तो १६६७ च्या एप्रिलमध्ये.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. स्मिथची एक जाडजूड वही न्यूटनकडे आली होती. धर्मशास्त्राच्या थोड्या नोट्स सोडल्या तर शेकडो पानं कोरी. कागद तेव्हा महाग. न्यूटनने त्या वहीला नाव दिलं वेस्ट बुक, म्हणजे आपली कच्ची वही. केंब्रिजलाच त्याने त्यात गणितं सुरू केली होती, प्लेगच्या काळात ती पुढे चालली. ज्या माणसाने आईला दूर नेलं, त्याच्याच कोऱ्या पानांवर कॅल्क्युलस आकाराला येत होतं! प्लेगच्या पहिल्या उन्हाळ्यात तर एका वक्राखालचं क्षेत्रफळ त्याने हाताने ५० हून जास्त दशांश स्थळांपर्यंत काढलं. गरज काहीच नव्हती, मजा म्हणून.

प्रिझमचे प्रयोगही याच सुमाराचे. खोलीत अंधार, खिडकीच्या झडपेला छोटं भोक, आणि समोर भिंतीवर रंगांचा पट्टा. पांढरा प्रकाश म्हणजे अनेक रंगांचं मिश्रण, हे त्यातून पुढे आलं. तुमच्या फोनच्या स्क्रीनवरचा पांढरा रंगसुद्धा लाल, हिरवा आणि निळा असे बारीक ठिपके एकत्र पेटूनच दिसतो.

आणि गुरुत्वाकर्षण? ते घरी पूर्ण झालंच नाही. चंद्राला धरून ठेवणारी ओढ आणि फळ खाली पाडणारी ओढ एकच आहे का, हे त्याने आकड्यांत तपासून पाहिलं. पण पृथ्वीचा आकार चुकीचा धरल्यामुळे उत्तर जवळपास आलं, नेमकं जुळलं नाही. त्याने ते बाजूला ठेवलं. प्रिन्सिपिया हा ग्रंथ आला थेट १६८७ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. सफरचंदाची आठवण तर त्याने म्हातारपणी सांगितली.

परतल्यावर त्याने गाजावाजा केला नाही. १६६९ मध्ये, २६ व्या वर्षी, तो केंब्रिजमध्ये गणिताचा प्रोफेसर झाला. कॅल्क्युलस छापायला मात्र त्याने कित्येक वर्षं लावली, आणि त्यावरून पुढे लाइबनिट्सशी मोठं भांडण झालं. तो वेगळ्या लेखाचा विषय.

ती कच्ची वही आज केंब्रिजच्या लायब्ररीत आहे आणि पूर्ण स्कॅन केलेली आहे. केंब्रिज डिजिटल लायब्ररीच्या साइटवर ती फुकट उघडते, फोनवरसुद्धा. झूम करून बघा, खाडाखोड भरपूर आहे.