घोडा नेमका धावतो कसा? फोटो बघून चाळिशीतला देगा पुन्हा शिकायला बसला

भरधाव घोड्याचं जुनं चित्र आठवा. पुढचे दोन पाय पुढे ताणलेले, मागचे दोन मागे. युरोपातले चित्रकार पिढ्यान् पिढ्या घोडा असाच काढायचे.

एडगर देगाही त्यातलाच. 1834 साली पॅरिसमध्ये जन्मलेला हा चित्रकार बॅले नर्तकींच्या चित्रांसाठी ओळखला जातो, पण रेसचे घोडे हाही त्याचा लाडका विषय. 1866 साली त्याने शर्यतीत पडलेल्या जॉकीचं मोठं चित्र प्रदर्शनात मांडलं. त्यातले घोडेही पाय ताणूनच झेपावतात.

मग 1878 साल उजाडलं. एडवर्ड मायब्रिज या फोटोग्राफरने कॅलिफोर्नियात धावपट्टीशेजारी ओळीने 12 कॅमेरे लावले. घोडा पुढे जाईल तसा एकेक फोटो निघत गेला. त्यातून कळलं, की चारही पाय एकाच वेळी हवेत असतात खरे, पण तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. वर्षाअखेरीस हे फोटो फ्रान्सच्या एका विज्ञान नियतकालिकात छापून आले.

देगा तेव्हा 44 वर्षांचा होता. चांगलं नाव झालेलं. तरी त्याने मायब्रिजच्या फोटोंवरून नव्याने घोडे रेखाटले, मेणात घडवलेही.

पण दुसरीकडे त्याची नजर अधू होत चालली होती. 1895 साली, वयाच्या एकसष्टीत, त्याने स्वतः कॅमेरा हातात घेतला. रात्री मित्रांना दिव्याच्या उजेडात बसवायचं आणि कितीतरी वेळ हलू द्यायचं नाही, असा त्याचा खाक्या. चित्रकार रेन्वा आणि कवी मालार्मे यांचा त्याने काढलेला फोटो आजही प्रसिद्ध आहे.

पुढच्याच वर्षीच्या सुमाराला त्याने पाठ पुसणाऱ्या एका स्त्रीचा फोटो काढला. तीच वळलेली पाठ त्याच्या एका मोठ्या तैलचित्रात दिसते. फरक इतकाच, की काळ्या-पांढऱ्या फोटोच्या जागी तिथे लालभडक रंग आहे. शरीराची ठेवण फोटोतून आली, रंग मात्र देगाचा स्वतःचा.

1917 साली देगा गेला. 1866 च्या त्या जॉकीच्या चित्रावर त्याने 1880-81 मध्ये आणि पुन्हा 1897 च्या सुमारास हात फिरवला होता. प्रदर्शनात लागून 30 वर्षं झाली, तरी त्याच्या लेखी ते चित्र पूर्ण झालंच नव्हतं.