दहा डावांतली एक बरोबरी

रात्री जेवणानंतर आपल्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये पट मांडला जातो. समोर कोणी तयारीचा खेळाडू बसला, की फर्स्ट इयरचा मुलगा पहिल्या पाच-सहा चालींतच मनानं हरतो. अशा प्रत्येकाला मीर सुलतान खान माहीत असायला हवा.

पंजाबातल्या मिठा तिवाना गावी १९०३ साली त्याचा जन्म झाला. नवव्या वर्षी वडिलांनी बुद्धिबळ शिकवलं, पण ते देशी बुद्धिबळ. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. पाश्चात्त्य नियम तो तरुणपणी शिकला. जमीनदार सर उमर हयात खान यांनी त्याला आश्रय दिला. १९२८ मध्ये तो अखिल भारतीय विजेता झाला आणि १९२९ मध्ये त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेला. ओपनिंगच्या पुस्तकांचा अभ्यास नाही, इंग्रजीची तर बोंबच! तरी त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद त्याला मिळालं. पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही त्यानंच ते जिंकलं.

१९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याची गाठ कापाब्लांकाशी पडली. १९२१ ते १९२७ या काळातला हा जगज्जेता. कागदावर सामना एकतर्फीच होता. पण सुलतान खान घाबरला नाही. त्यानं वजीर देऊन दोन्ही हत्ती घेतले, शांतपणे मोर्चा आवळत नेला आणि ६५ चालींत डाव जिंकला.

डिसेंबर १९३३ मध्ये सर उमर यांच्याबरोबर तो परत आला. १९३५ मध्ये आपले मराठी खेळाडू व्ही. के. खाडिलकर त्याच्याविरुद्ध दहा डाव खेळले. आता बलाढ्य होता तो सुलतान खान. नऊ डाव त्यानं जिंकले, एक बरोबरीत सुटला. तसं बघितलं तर धुव्वाच! पण ज्यानं कापाब्लांकाला हरवलं, त्याच्याकडून अर्धा गुण काढणं काही खायचं काम नव्हतं. पहिल्या पराभवालाच खाडिलकर उठून गेले असते, तर तो अर्धा गुण कुठून मिळाला असता?

यानंतर सुलतान खान स्पर्धांपासून दूर गेला. १९६६ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या नावापुढे ग्रँडमास्टर हा किताब नव्हता. जागतिक संघटनेनं तो २०२४ मध्ये, मरणोत्तर दिला. पटावरचा विजय मात्र त्यानं कधीच मिळवला होता.

तेव्हा दोस्तांनो, समोर कोण बसलंय ते बघू नका. आधी चाल तर करा!