विसाव्या वर्षी खलाशांकडून इंग्लिश शिकला आणि त्याच भाषेतला दिग्गज लेखक झाला

"आता कुठे इंग्लिश शिकणार? वय निघून गेलं." हे वाक्य तुम्ही कट्ट्यावर, ऑफिसात किंवा घरी कुठेतरी ऐकलंच असेल. मराठी मीडियमच्या पोरांच्या डोक्यात तर ते पक्कं बसलेलं असतं. शाळेत ग्रामर पाठ झालेलं असतं, पण समोरचा फाडफाड बोलायला लागला की बोबडी वळते.

तर ही गोष्ट अशा माणसाची, ज्याने इंग्लिश बोलायला सुरुवातच विसाव्या वर्षी केली. ना क्लास, ना मास्तर. त्याचं नाव जोसेफ कॉनराड. 'हार्ट ऑफ डार्कनेस' आणि 'लॉर्ड जिम' लिहिणारा तोच. 'अपोकॅलिप्स नाऊ' हा गाजलेला सिनेमा त्याच्याच 'हार्ट ऑफ डार्कनेस'वर बेतलेला आहे.

त्याचं खरं नाव युझेफ तेओदोर कॉनराड कोझेन्योव्स्की. जन्म ३ डिसेंबर १८५७ चा, आज युक्रेनमध्ये असलेल्या बेर्दिचिवचा. तेव्हा तिथे रशियाच्या झारची सत्ता होती. घराणं पोलिश, पण पोलंड नावाचा देशच नकाशावर उरला नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो वाटून घेतला होता.

वडील अपोलो हे कवी आणि अनुवादक. पोलंडच्या स्वातंत्र्यासाठी खटपट केली म्हणून १८६२ मध्ये त्यांना बायकोमुलासकट रशियातल्या वोलोग्दाला हद्दपार करण्यात आलं. १८६५ मध्ये आई गेली, १८६९ मध्ये वडील. अकरा वर्षांचं पोर अनाथ झालं. मामा तादेउश बोब्रोव्स्की यांनी त्याचा सांभाळ केला. वडिलांनी शेक्सपिअर आणि व्हिक्टर ह्यूगो पोलिशमध्ये आणले होते, त्यामुळे इंग्लिश साहित्याशी त्याची पहिली ओळख झाली ती मातृभाषेतून. फ्रेंच त्याला लहानपणापासून येत होती. इंग्लिश मात्र येत नव्हती.

पोराला वेड लागलं होतं समुद्राचं. १८७४ मध्ये सोळाव्या वर्षी तो फ्रान्सच्या मार्सेय बंदरात पोचला आणि फ्रेंच जहाजांवर कामाला लागला. पण तो होता रशियाच्या झारचा प्रजाजन. रशियन वकिलातीच्या परवानगीशिवाय फ्रेंच जहाजांवर काम करणं अवघड झालं. हातातले पैसे बुडाले, कर्ज झालं. १८७८ मध्ये त्याने स्वतःच्या छातीत गोळी झाडून घेतली. सुदैवाने वाचला. मामांनी येऊन कर्ज फेडलं.

आता जायचं कुठे? ब्रिटिश व्यापारी जहाजांना माणसं हवीच असायची, आणि परदेशी खलाशाला तिथे फारसं कोणी अडवत नव्हतं. एप्रिल १८७८ मध्ये तो एका ब्रिटिश आगबोटीवर चढला आणि जूनमध्ये इंग्लंडच्या लोस्टॉफ्ट बंदरात उतरला. ओळखीचं कोणी नाही आणि भाषेचे जेमतेम चार शब्द.

जहाज हीच शाळा

तिथे त्याला काम मिळालं ते लोस्टॉफ्ट ते न्यूकॅसल कोळसा वाहणाऱ्या एका छोट्या जहाजावर. बरोबरचे सगळे खलाशी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे. दिवसभर त्यांचं बोलणं कानावर पडायचं, हातात वर्तमानपत्र आलं की त्यातले शब्द लावायचे. त्याचा इंग्लिशचा कोर्स सुरू झाला तो असा.

यातली गंमत समजून घ्या. जहाजावर एखादा शब्द कळला नाही तर मार्क कापले जात नाहीत, जीव जाऊ शकतो. हुकूम सुटला की त्याच क्षणी नेमका दोर पकडायचा, नेमकं शीड उतरवायचं. शब्द कानावर पडला की हात कामाला लागायचा. डोक्यात पोलिशमध्ये भाषांतर करत बसायला वेळच नव्हता.

रोजच्या इंग्लिशमधले कितीतरी वाक्प्रचार या शिडाच्या जहाजांवरच जन्मले. 'लर्न द रोप्स' म्हणजे कामातल्या खाचाखोचा शिकणं. जहाजावर दोरांचं जाळं असायचं आणि कुठला दोर कशाचा हे नव्या पोराला आधी शिकावं लागायचं. 'टेकन अबॅक' म्हणजे अवाक होणं. वारा अचानक समोरून आला की शिडं उलटी डोलकाठीवर दाबली जायची आणि जहाज जागीच थबकायचं. 'बाय अँड लार्ज' म्हणजे एकंदरीत. यातलं 'बाय' म्हणजे वारा पुढून घेत जाणं आणि 'लार्ज' म्हणजे वारा मागून घेत जाणं. आज पाठ कराव्या लागणाऱ्या या फ्रेजेस त्या काळच्या खलाशाला रोज डोळ्यांसमोर दिसत होत्या.

मग आली परीक्षा. ब्रिटिश जहाजावर अधिकारी व्हायचं तर परीक्षकासमोर तासन् तास तोंडी उत्तरं द्यावी लागायची, तीही इंग्लिशमध्येच. अमुक वादळ आलंय, तमुक शीड फाटलंय, आता कुठला हुकूम देणार? लोस्टॉफ्टला उतरल्यानंतर दोनच वर्षांत, म्हणजे १८८० मध्ये, तो सेकंड मेटची परीक्षा पास झाला. पुढच्या दोन्ही परीक्षांत मात्र पहिल्या फटक्यात नापास झाला. तरी पुन्हा बसला. १८८४ मध्ये फर्स्ट मेट झाला आणि १८८६ मध्ये कॅप्टनचं प्रमाणपत्र मिळवलं. त्याच वर्षी त्याला ब्रिटिश नागरिकत्वही मिळालं.

आपल्या मुंबईचाही त्याच्याशी संबंध आहे. १८८४ मध्ये याच बंदरातून तो 'नार्सिसस' नावाच्या जहाजावर सेकंड मेट म्हणून चढला आणि फ्रान्सच्या डंकर्कपर्यंत गेला. पुढे १८९७ मध्ये त्याच प्रवासावर त्याने एक कादंबरी लिहिली.

पाच शिलिंगांचा शेक्सपिअर

फक्त खलाशांचं बोलणं ऐकून कोणी लेखक होत नाही. कॉनराड वाचायचा. एकदा त्याचं जहाज दुरुस्तीसाठी फॅल्मथ बंदरात अडकून पडलं. पाच शिलिंगांना घेतलेला, एकाच खंडातला अख्खा शेक्सपिअर तो तिथे फळ्या ठोकण्याच्या खडखडाटात मिळेल त्या वेळात वाचत होता. बोलीतले शब्द कानाने आले आणि पुस्तकातले डोळ्यांनी.

१८८९ मध्ये लंडनच्या एका भाड्याच्या खोलीत त्याने पहिली कादंबरी लिहायला घेतली, तीही थेट इंग्लिशमध्ये. ते हस्तलिखित त्याच्यासोबत आफ्रिकेत काँगोपर्यंत जाऊन आलं. 'अल्मेयर्स फॉली' नावाने ती १८९५ मध्ये छापून आली, तेव्हा तो ३७ वर्षांचा होता.

शब्दांच्या बाबतीत तर तो भलताच काटेकोर. १९०६ च्या 'द मिरर ऑफ द सी' या पुस्तकात त्याने पत्रकारांना चांगलंच झापलंय. कारण काय, तर ते जहाजाने नांगर 'कास्ट' केला, म्हणजे फेकला, असं लिहायचे. त्याचं म्हणणं, नांगर कोणी फेकत नसतं. तो आधीच जहाजाच्या बाहेर लटकलेला असतो, त्याला फक्त सोडायचं असतं. मराठीतही 'नांगर टाकला' असंच म्हणतात, तेव्हा त्याच्या हिशेबाने ही चूक इथेही निघाली असती!

उच्चार शेवटपर्यंत परकेच

एवढं सगळं होऊनही त्याचं बोलणं ऐकून कोणीही सांगितलं असतं की हा माणूस इंग्लंडचा नाही. लेखक एच. जी. वेल्स यांनी नोंदवून ठेवलंय की 'दीज' आणि 'दोज' या साध्या शब्दांच्या शेवटचा 'ई'सुद्धा तो उच्चारायचा. जे शब्द आधी पुस्तकात भेटले, ते त्याच्या तोंडी असे बसले होते. ज्याचं इंग्लिश गद्य आज विद्यापीठांमध्ये अभ्यासलं जातं, त्याला बोलताना 'दीज' नीट जमत नव्हतं.

मायदेशातून टीकाही झाली. १८९९ मध्ये पोलिश लेखिका एलिझा ओझेश्कोवा यांनी त्याच्यावर तोफ डागली. गुलामीत असलेल्या देशाला सोडून पैशासाठी परक्या भाषेत लिहिणं त्यांना मान्य नव्हतं. हा घाव त्याला चांगलाच लागला.

पण पोलिश त्याला सोडून गेली नव्हती. १८९६ मध्ये त्याने जेसी जॉर्ज या इंग्लिश मुलीशी लग्न केलं. हनिमूनला फ्रान्समध्ये असताना त्याला ताप चढला आणि तो पोलिशमध्ये बरळू लागला. जेसीला एक अक्षर कळत नव्हतं.

१९०१ मध्ये त्याची 'एमी फॉस्टर' ही कथा आली. जहाज फुटल्यामुळे इंग्लंडच्या किनाऱ्याला लागलेला पूर्व युरोपचा एक तरुण तिथल्याच मुलीशी लग्न करतो. एका रात्री तापात तो आपल्या भाषेत पाणी मागतो. बायकोला ते कळत नाही. ती घाबरते आणि मुलाला घेऊन पळून जाते. तो मरतो.

कॉनराडची जेसी पळून गेली नाही. १९१० मध्ये एक मोठी कादंबरी संपवून तो कोसळला आणि आजारपणात पुन्हा पोलिशमध्ये बोलू लागला, तेव्हाही तिनेच त्याची सेवा केली.

३ ऑगस्ट १९२४ ला केंट परगण्यातल्या राहत्या घरी तो गेला. कँटरबरीच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. दगडावर 'जोसेफ' हे नाव इंग्लिश पद्धतीने कोरलंय, आडनाव पोलिशच ठेवलंय, आणि मधल्या 'तेओदोर'चं स्पेलिंग चक्क चुकलंय.