वकील ते आत्म्यांचे सल्लागार : संत अल्फोन्स लिगोरी



बुधवारच्या नोव्हेनासाठी माहीमला जाणारे आपल्यापैकी पुष्कळ जण आहेत. निरंतर साहाय्य मातेची जी तसबीर आपण तेथे पाहतो, तिचे मूळ चित्र १८६६ सालापासून रोममध्ये रिडेम्प्टोरिस्ट संघाच्या चर्चमध्ये आहे. या संघाचे संस्थापक मुळात वकील होते, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. नोकरी सुटलेले, स्वेच्छानिवृत्ती घेतलेले बंधू कधीकधी आम्हाला विचारतात, की आता या वयात देवाच्या कामी आपला काय उपयोग? त्यांना आम्ही याच संताची कथा सांगतो.

अल्फोन्स यांचा जन्म २७ सप्टेंबर १६९६ रोजी इटलीतील नेपल्स शहराजवळ मारियानेल्ला येथे झाला. वडील नौदलात अधिकारी, शिस्तीचे कडक. थोरल्या मुलाने घराण्याचे नाव काढावे म्हणून त्यांनी त्याला कायद्याच्या अभ्यासाला घातले. १७१३ साली, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, मुलगा राज्याचा आणि ख्रिस्तसभेचा अशा दोन्ही कायद्यांत डॉक्टर झाला. पुढे वकिलीही उत्तम चालली. वडील चांगल्या घरची सून शोधू लागले.

१७२३ साली एका मोठ्या मालमत्तेच्या दाव्यात अल्फोन्स हरले. एका कागदातील मुद्दा त्यांच्या नजरेतून सुटला, असे जुने चरित्रकार सांगतात. निकाल वरच्या दबावाने आधीच ठरला होता, असे अलीकडच्या काही अभ्यासकांना वाटते. काहीही असो, सव्वीस वर्षांचा हा तरुण घरी आला, खोलीचे दार लावून घेतले आणि तीन दिवस अन्नाला शिवला नाही. पुन्हा कोर्टाची पायरी चढायची नाही, हे त्याने ठरवून टाकले.

पण नुसत्या पराभवाने कुणी धर्मगुरू होत नाही. अल्फोन्स पूर्वीपासून असाध्य रोग्यांच्या इस्पितळात जाऊन रुग्णांची सेवा करीत असत. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात, त्या इस्पितळातच, सारे सोडून ये, हे प्रभूचे पाचारण त्यांना स्पष्ट जाणवले. तेथून निघून त्यांनी आपली तलवार पवित्र मारियेच्या वेदीवर ठेवली. वडिलांनी पुष्कळ विरोध केला. तरी २१ डिसेंबर १७२६ रोजी, तिसाव्या वर्षी, त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

सुरुवातीला ते नेपल्सच्या गरीब वस्त्यांत रमले. दिवसभर राबणाऱ्या लोकांसाठी संध्याकाळच्या प्रार्थनासभा सुरू झाल्या. आम्हाला विशेष वाटते ते हे, की या सभा चालवणारे बरेचसे प्रापंचिक होते. त्यांत एक शाळामास्तर होता, एक पूर्वीचा सैनिक होता.

पुढे प्रकृती बिघडली म्हणून विश्रांतीसाठी ते डोंगरात गेले. तेथील मेंढपाळांना देवाविषयी शिकवायला कुणीच नव्हते. त्यांच्यासाठी ९ नोव्हेंबर १७३२ रोजी स्काला येथे त्यांनी संघ स्थापला. वर्षभरातच बहुतेक सोबती सोडून गेले!

त्यांचे खरे कार्य पापनिवेदन ऐकण्याच्या खुर्चीत घडले. त्या काळी पुष्कळ धर्मगुरू फार कठोर असत. पापक्षमा लांबणीवर टाकत, ख्रिस्तप्रसाद घेऊ देत नसत. लोक घाबरून दूर राहत. अल्फोन्स यांचे म्हणणे असे, की पापनिवेदन ऐकणारा प्रथम पिता आणि वैद्य असतो, न्यायाधीश नंतर. येथे त्यांची वकिली कामी आली. प्रत्येक माणसाची परिस्थिती ऐकणे, नियम कुठे लागू होतो आणि कुठे नाही हे तपासणे, ही त्यांची जुनी सवय होती. १७४८ साली त्यांनी नीतिशास्त्रावरील मोठा ग्रंथ प्रथम प्रसिद्ध केला. पोप पायस बारावे यांनी १९५० साली त्यांना पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले.

आणि गंमत म्हणा की दुःख, इतरांच्या मनाच्या गाठी सोडवणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र, आपल्या हातून पाप तर घडले नाही ना, ही शंका जन्मभर छळीत राहिली. ते स्वतः दुसऱ्या धर्मगुरूंचा सल्ला घेत आणि तो पाळत.

१७६२ साली, इच्छा नसताना, त्यांना सांतागाता देई गोती येथील बिशप व्हावे लागले. दुष्काळात त्यांनी लोकांना जेवू घालण्यासाठी आपली गाडी व खेचरे विकली. संधिवाताने मान इतकी वाकली, की हनुवटीने छातीला जखम झाली. १७७५ साली पोपमहोदयांनी त्यांचा राजीनामा स्वीकारला आणि ते पगानी येथील संघाच्या मठात परतले.

तेथे पुन्हा एक कागद आडवा आला. १७८० साली, दृष्टी अधू झालेली असताना, संघाच्या नियमांत बदल केलेल्या कागदावर विश्वासाने त्यांची सही घेतली गेली. त्यातून संघ दुभंगला आणि संस्थापकच पोपमहोदयांनी मान्य केलेल्या संघाबाहेर पडले. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. १ ऑगस्ट १७८७ रोजी, दुपारी आंजेलुसची घंटा होत असताना, नव्वदाव्या वर्षी त्यांनी प्राण सोडला. दुभंगलेला संघ १७९३ साली पुन्हा एक झाला.