यशवंत खुशाल देशपांडे
यशवंत खुशाल तथा य. खु. देशपांडे हे यवतमाळ येथील इतिहाससंशोधक व महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक होते.

महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत जतन केले. लिप्यांची किल्ली मठांतील महंतांकडे परंपरेने चालत आली. त्यामुळे ज्ञानेश्वरीपूर्वीचे ‘लीळाचरित्र’ही पंथाबाहेरील अभ्यासकांना शतकानुशतके अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. त्यानंतर देशपांडे यांनी यवतमाळच्या शारदाश्रम या संस्थेद्वारे वऱ्हाडात या वाङ्मयाचे संशोधन पुढे नेले.

त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘आद्य मराठी कवयित्री’ या ग्रंथात त्यांनी महदंबेच्या काव्याचा परिचय करून दिला. मराठी वाङ्मयेतिहासाच्या आरंभकाळाची पुनर्मांडणी होण्यास अशा संशोधनाचा मोठा आधार मिळाला.